नापास झालेल्या ताईनं काय सांगावं?

पत्र:

नमस्कार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्यानं आलेल्या मुलांना रुळायला मदत व्हावी म्हणून आमच्या विभागानं काही सीनियर्सकडे पहिल्या वर्षाची मुलं सोपवली आहेत. माझ्या वाट्याला सहा जण आले. मी लगेच त्यांचा ग्रुप केला. वेळापत्रक कसं आखायचं, नोट्स कशा काढायच्या, लायब्ररीत काय मिळतं, सगळं सविस्तर लिहून पाठवलं. सहाही जणांचे अंगठे आले आणि त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही. आता दोन महिने झाले. त्यातली एक मुलगी शाळेत कायम पहिली यायची. पहिल्या चाचणीत तिला फार कमी गुण पडले आणि तेव्हापासून ती वर्गात क्वचितच दिसते. विचारलं की 'मी ठीक आहे ताई' एवढंच म्हणते. एका मुलाचं शालेय शिक्षण वेगळ्या भाषेतून झालंय. तो लेक्चरला मान खाली घालून नुसतं उतरवून घेत असतो. बाकीचे बरे दिसतात, पण खरंच बरे आहेत का, मला माहीत नाही. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. पहिल्या सेमिस्टरला मी स्वतः एका विषयात नापास झाले होते. हे त्यांना कळलं तर माझं कोण ऐकेल? मी या कामाला योग्य आहे का?

– दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

या सहा जणांना देण्यासारखं तुझ्याजवळ जे सगळ्यात मोलाचं आहे, नेमकं तेच तू लपवून ठेवलंयस. म्हणून मी तुझ्या नापास होण्यापासूनच सुरुवात करते.

नव्यानं कॉलेजात आलेल्या मुलाला आजूबाजूला काय दिसतं, ते जरा आठवून बघ. कॅन्टीनमध्ये हसणारे घोळके, लेक्चरला माना डोलावणारे वर्गमित्र, सफाईनं प्रश्न विचारणारी एखादी मुलगी. दुसऱ्याचं त्याला फक्त बाहेरचं दिसतं आणि स्वतःचं मात्र आतलं. त्यामुळे सगळे रुळले आणि आपणच तेवढे मागे राहिलो, असा हिशेब तो मनाशी मांडतो. मग एका चाचणीत गुण कमी पडले की त्याचा अर्थ 'हा धडा कच्चा राहिला' असा लागत नाही, 'ही जागा माझी नव्हेच' असा लागतो. तुझ्या त्या पहिली येणाऱ्या मुलीच्या मनात हेच चाललं असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते. शाळेत तिची ओळखच पहिल्या नंबरावर उभी होती. तिच्या लेखी नुसते गुण गेले नाहीत, ती ओळखच गेली. वर्गात जायचं म्हणजे ती गेल्याचं रोज सगळ्यांसमोर कबूल करायचं. त्यापेक्षा खोलीत बसणं सोपं.

हे मी नुसत्या अंदाजानं लिहीत नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांना सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आम्हालाही परकं वाटायचं, आपण इथे शोभत नाही असं वाटायचं, हळूहळू ते ओसरलं, असा त्यांचा आशय होता. मग मुलांना स्वतःचा अनुभव लिहायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी तो कॅमेऱ्यासमोर बोलायला सांगितला. सगळं मिळून साधारण तासाभराचं काम. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्यार्थी, म्हणजे 'ही जागा आपली आहे का' हा प्रश्न ज्यांना सगळ्यात जास्त टोचायचा, त्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या गुणांमधलं अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं. त्या तासाभरात अभ्यासाची एकही युक्ती कुणी शिकवली नव्हती. बदलला तो अर्थ. अडचण आली म्हणजे आपण नालायक, हा अर्थ जाऊन, अडचण नवख्या प्रत्येकाला येते आणि सरते, हा अर्थ आला.

आता तू ग्रुपवर काय पाठवलंस ते बघ. सगळं बरोबरच लिहिलं असशील, मला खात्री आहे. पण ते वाचून त्या मुलीला काय वाटलं असेल? 'ताईला सगळं जमतं. तिला माझं काय कळणार?' सूचनांनी तू दूर गेलीस. नापास झाल्याचं सांगशील तेव्हा जवळ येशील.

कसं सांगायचं, याला मात्र थोडी काळजी लागते. पडले, जिद्दीनं उठले आणि जिंकले, अशी विजयकथा करू नकोस. ती ऐकून खचलेला माणूस आणखी खचतो, कारण त्याच्याजवळ त्या क्षणी जिद्द नसते. घडलं तसं, बारीकसारीक तपशिलासकट सांग. निकाल कुठे उभी राहून पाहिलास, कुणाला सांगितलं नाहीस, किती दिवस त्या विषयाचं पुस्तक उघडवलं नाही. त्या वेळी स्वतःबद्दल तुला काय वाटलं, ते नक्की सांग. मग पुढचं सांग, आणि ते जेवढं हळू घडलं तेवढंच हळू सांग. कुणाला तरी एकदा विचारलंस, एक गणित सुटलं, दुसरं सुटलं नाही, पुन्हा परीक्षेला बसलीस. आजही त्या विषयाचा तास असला की पोटात गोळा येत असेल, तर तेही सांग. सगळ्यांना एकदम बसवून भाषणासारखं नको. चालता चालता, एकेकट्याला सांगितलेलं बरं. आणि सांगून झालं की लगेच 'आता तुझं सांग' म्हणून मागे लागू नकोस. गप्प बस. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बोलतात.

मी स्वतः पहिल्या वर्षाला असताना लायब्ररीत रोज एकाच टेबलावर बसायची. पुस्तक उघडं, पान तेच. एक सीनियर मुलगी समोर येऊन बसायला लागली. आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस स्वतःची वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हे मला गेल्या वर्षी अजिबात कळलं नव्हतं, तुला कळतंय का?" मलाही कळत नव्हतं. पण 'कळलं नव्हतं' हे तिच्या तोंडून ऐकल्यावर मी दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी खरं उत्तर दिलं. ती वही सरकवणं मी अजून विसरलेले नाही.

पण नुसती गोष्ट सांगून भागणार नाही. वॉल्टन आणि कोहेन यांच्या त्याच प्रयोगाची पुढे फार मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली. २२ शिक्षणसंस्था आणि जवळजवळ २७ हजार विद्यार्थी. २०२३ साली आलेला तिचा निष्कर्ष मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. गोष्टीचा उपयोग झाला, पण जिथे त्या मुलांना खरोखर सामावून घेणारी जागा होती तिथेच. 'तूही आमच्यातलीच आहेस' असं सांगितलं आणि बसायला कुठे जागाच नसली, तर ते शब्द पोकळ ठरतात. म्हणून तुझं दुसरं काम जागा तयार करण्याचं आहे. तीही अगदी शब्दशः जागा. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, एक ठरलेलं टेबल. तिथे तू स्वतःचा अभ्यास घेऊन दोन तास बसायचं. कुणी आलं तर आलं. कुणी आलं नाही तरी तू असायचंस.

ठरलेलंच का? कारण 'काही अडलं तर कधीही विचार' हे वाक्य नवख्यासाठी फार अवघड असतं. आधी काय अडलंय ते शब्दांत मांडा, मग ते विचारण्याइतकं मोठं आहे का ते ठरवा, मग ताई कामात तर नसेल ना याची धास्ती घ्या. एवढं करून मेसेज लिहायचा आणि खोडून टाकायचा. ठरलेल्या टेबलावर यातलं काही करावं लागत नाही. नुसतं जाऊन बसता येतं.

यात अभ्यासाचंही मोठं हित आहे. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्रीझमन हे कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करत होते. ही मुलं कष्ट कमी करतात, असा अनेकांचा समज होता. ट्रीझमन मुलांच्या खोल्यांपर्यंत गेले आणि वेगळंच दिसलं. मागे पडणारी मुलं सांगितल्याप्रमाणे तासन् तास अभ्यास करत होती, पण एकेकटी. ज्यांना चांगले गुण मिळत होते, ती आधी आपापली गणितं सोडवायची आणि मग एकत्र बसून एकमेकांची तपासायची. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही की त्यांना कळायचं, गणितच अवघड आहे. एकट्यानं बसणाऱ्याला तेच गणित अडलं की त्याला वाटायचं, दोष माझ्यात आहे. पुढे ट्रीझमननी अवघड गणितं एकत्र बसून सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि निकाल बदलले. त्या वर्गांना त्यांनी 'कच्च्या मुलांसाठी' असं नाव मुद्दाम दिलं नाही. तूही तुझ्या टेबलाला तसलं नाव देऊ नकोस.

मैत्रीचा हिशेबही इथेच जमतो. जेफ्री हॉल या संशोधकानं काढलेल्या अंदाजानुसार, नुसती ओळख असलेल्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगली मैत्री व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. शाळेत रोज तीच मुलं, तेच बाक, त्यामुळे हे तास आपोआप भरायचे. म्हणून मैत्री 'करावी' लागते हेच आपल्याला ठाऊक नसतं. कॉलेजात दर तासाला वर्ग बदलतो, माणसं बदलतात. दोन महिन्यांत कुणी जवळचं झालं नाही, यात त्या मुलांचा काहीच दोष नाही, तासच भरलेले नाहीत. तुझं टेबल आठवड्याला चार तास देईल. बारा-तेरा आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर ५० तास होतात. त्या एकाकी पडलेल्या मुलांना हा हिशेब सांगच. आपल्यात काही खोट नाही, फक्त वेळ लागतो, हे आकड्यांत कळलं की फार हायसं वाटतं.

आता त्या टेबलावर अभ्यास कसा करायचा. तू पाठवलेल्या सगळ्या युक्त्यांपैकी एकच ठेव. पुस्तक मिटून आठवायचं. पहिली येणाऱ्या मुलांना ही एकच गोष्ट कुणी सांगितलेली नसते, कारण शाळेत तिच्यावाचून त्यांचं काही अडलेलं नसतं. धडा चार वेळा वाचला, खुणा केल्या, आठवड्याभरात चाचणी, झालं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चारही सत्रं तो वाचण्यात घालवली. दुसऱ्या गटानं तो एकाच सत्रात वाचला आणि मग पुढची तीन सत्रं न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं मात्र चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्या लक्षात चांगलं राहील याची खात्री जास्त कुणाला होती? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. 'सगळं येत होतं, पेपरातच काय झालं कळेना' असं त्या मुलीनं म्हटलं असेल तर ती खोटं बोलत नाहीये. तिला खरंच येतंय असं वाटत होतं. तिची बुद्धी कुठे गेलेली नाही, पद्धत जुनी पडलीय, हे तिला या आकड्यांसकट दाखव. हुशार मुलीला नुसता धीर पुरत नाही, कारण लागतं.

टेबलावर हे सोपं आहे. बसल्यावर पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी कोरा कागद घ्यायचा आणि त्या दिवशीच्या एका लेक्चरमधलं जे आठवेल ते लिहायचं. मग वही उघडून काय सुटलं ते बघायचं. तूही लिही, आणि तुझा अर्धा रिकामा राहिलेला कागद त्यांना दिसू दे.

आता वेगळ्या भाषेतून शिकून आलेल्या त्या मुलाकडे वळते. लेक्चरमधलं प्रत्येक वाक्य उतरवून घेणारा माणूस ऐकत नसतो, तो फक्त बुडू नये म्हणून हात मारत असतो. त्याला दुहेरी काम आहे, भाषा समजून घेणं आणि विषय समजून घेणं, आणि दोन्ही त्याच तासात. यातलं एक काम तासाच्या आधी उरकता येतं. उद्या कुठला भाग शिकवणार आहेत ते बघून त्या धड्यातले पंधरा-वीस शब्द आदल्या रात्री काढायचे, अर्थ लावायचे, एकदा मोठ्यानं उच्चारायचे. एवढंच, धडा वाचायची गरज नाही. मग तासाला ते शब्द कानावर पडले की ओळखीचे वाटतात आणि डोकं विषयासाठी मोकळं राहतं. टेबलावर त्याला जे कळलं ते त्याच्या भाषेत सांगू दे, अगदी मोकळेपणानं. आधी कळू दे, मग तेच कॉलेजच्या भाषेत चार ओळींत लिहू दे. त्याच्या व्याकरणाच्या चुका सगळ्यांसमोर काढू नका. आणखी एक. या मुलाला दोन भाषांत विचार करता येतो. पुढे ही त्याची जमेची बाजू ठरेल, पण हे त्याला आज सांगू नकोस, आज त्याला ते खरं वाटणार नाही.

शिक्षकांना भेटायचं असतं, हेही नव्या मुलांना माहीत नसतं. काहींना वाटतं, बोलावणं आलं तरच जायचं, आणि ते बोलावणं चूक झाल्यावरच येतं. 'सरांना जाऊन विचार' एवढं सांगून सोडू नकोस. एकच नेमका प्रश्न कागदावर लिहून घ्यायला लाव ('धडाच कळला नाही' असा नको, 'या उदाहरणातली तिसरी पायरी कुठून आली' असा हवा) आणि पहिल्या वेळी त्यांच्या दारापर्यंत स्वतः चालत जा. आत त्यांना एकटं जाऊ दे.

झोप कमी करून अभ्यास वाढवणाऱ्यांना थांबव. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि शिकलेलं पक्कं होण्याचं काम बरंचसं झोपेतच होतं. घरी रोज फोन करण्यात काही वाईट नाही, उलट चांगलंच आहे. फक्त फोनवर 'सगळं छान आहे' एवढंच म्हणत असतील, तर आठवड्यातून एकदा तरी घरच्यांना एक खरी गोष्ट सांगा म्हणावं.

आता जे लिहिते ते नीट वाच. एखादं मूल दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत खिन्न असेल, कशातच रस घेत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, स्वतःला इजा करत असेल, किंवा 'मी नसते तर बरं झालं असतं' अशी भाषा बोलत असेल, तर तो रुळण्याचा प्रश्न राहिलेला नाही आणि तो तू एकटीनं सोडवायचाही नाहीस. त्या पहिली येणाऱ्या मुलीकडे या दृष्टीनं नक्की बघ. शंका आली तर सरळ विचार, "जीव नकोसा वाटतो का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही. विचारल्यानं बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, किंवा तुला नुसती भीती जरी वाटली, तरी तिला एकटी सोडू नकोस. त्याच दिवशी कॉलेजचे समुपदेशक, डॉक्टर किंवा विश्वासातले शिक्षक यांच्यापर्यंत तिच्यासोबत जा आणि धोका लगेचचा वाटला तर आपत्कालीन मदत बोलाव. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नकोस, आणि दिलं असलंस तर ते मोड. ती रागावली तर रागावू दे.

योग्य आहेस का, असं विचारलंस. सहा जणांपैकी जी दिसेनाशी झाली तिची आठवण तू दोन महिन्यांनंतरही ठेवलीस, अंगठ्यांवर समाधान मानलं नाहीस. मला एवढं पुरेसं आहे. नापास झाल्याचं सांगितल्यावर कदाचित एखादा जण तुला कमी लेखेल. बाकीच्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरेल.

आज रात्री ग्रुपवर काही लिहू नकोस. त्या मुलीला एकटीला लिही. 'कशी आहेस' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. साधारण असं लिही: "उद्या चार वाजता मी लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलावर माझा तोच जुना विषय घेऊन बसणारेय, ज्यात मी गेल्या वर्षी नापास झाले होते. शेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवते. बोलायलाच हवं असं नाही."

उद्या ती येईलच असं नाही. खुर्चीवर तुझी बॅग ठेव, दोन तास बस, आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी तोच निरोप पुन्हा पाठव.

तुझी,
ताई